पाटाखालची नावं

मिरग बसला की आमच्या पडवीत पाट यायला लागतात. कुणी स्कूटरच्या पुढ्यात उभा धरून आणतं, कुणी एका हातात छत्री आणि काखेत पाट अशी पायवाट उतरून येतं. पाटावर नारळ, विड्याची दोन पानं, सुपारी. सासूबाई पाट हातात घेतात, हळदकुंकू लावून भिंतीशी टेकवून ठेवतात, आणि आलेल्या माणसाला चहा देतात. तो माणूस निघताना दारातून एकच वाक्य म्हणतो, ते दर वर्षी तेच असतं : "नेहमीसारखाच हं."

तो गेला की मी पाट उलटा करते. खाली तैलरंगात नाव लिहिलेलं असतं. काही नावं माझ्या सासऱ्यांच्या हातची, काही त्यांच्याही वडिलांच्या हातची. ज्यांची ती नावं आहेत त्यांतले निम्मे आज हयात नाहीत, पण पाट त्यांच्याच नावाने येतो. अशी बासष्ट नावं मला पाठ आहेत. त्यांत बाईचं नाव एकही नव्हतं.

आमची गणपतीची शाळा रत्नागिरीत भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की आत एका वाडीत आहे. इकडे मूर्तीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. घराची लांब पडवी, तिला लागून सासऱ्यांनी बांधलेली एक खोली, आणि वर सामानाचा माळा, एवढीच तिची जागा. वर्षातले सात-आठ महिने त्या खोलीत भात, नारळ आणि मुलीची सायकल असते. अक्षय्य तृतीयेला ती रिकामी करायची, शेणाने सारवायची आणि मातीचा पहिला गोळा मळायचा, असा या घरचा रिवाज. पुढचे साडेतीन-चार महिने घर आणि शाळा यांच्यात भिंत अशी राहत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी सोंड जोडलेली आहे, आणि हाताला शाडू लागलेला असताना मुलीचे पाढे घेतलेले आहेत.

मी २००९ साली लग्न होऊन इथे आले. त्याआधी सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयात शिकत होते. तिथे आम्हाला आधी हाड बघायला शिकवलं होतं : खांदा करायचा तर आत हाड कुठे आहे ते ठाऊक हवं, मग स्नायू, मग वरचं कातडं. इथे आल्यावर सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, शेजारी बसले तेव्हा पहिले दोन महिने माझं काही जुळेना. गणपतीला हाड नाही. त्याच्या पोटाला एक श्वास आहे, मांडीला एक भार आहे, सोंडेला वळण आहे. मी एकदा मनगटाला नीट हाड दिलं. नानांनी बराच वेळ ते पाहिलं, रागावले नाहीत. म्हणाले, "छान आहे गो. पण हा हात आशीर्वाद देणारा नाही झाला, हा काम करणाऱ्याचा झाला." आणि ओल्या बोटाने ते हाड पुसून टाकलं.

तेव्हा मला वाईट वाटलं होतं. त्या हाताबद्दल मी नंतर अनेकदा विचार केला आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मातीबद्दल सांगते. शाडू आमच्याकडे पिकत नाही, तो गुजरातेतून येतो, पिठासारखा, गोणीत भरून. भिजवायचा, वर आलेलं पाणी काढून टाकायचं, गोणपाटावर पसरून ठेवायचा, आणि मग मळायचा. नीट मळलेल्या मातीला बोट लावलं तर ती बोटाला चिकटत नाही आणि बोटाचा ठसा मात्र जसाच्या तसा धरते. साच्यात दाबून अंग काढलं तरी कान, हात, सोंड, दागिने आणि बैठक हे सगळं हातानेच. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मूर्ती साच्याशिवाय, थेट त्या घरच्या पाटावर उभ्या राहतात, कारण प्रत्येक घराचा गणपती वेगळा आहे. कुणाचा लोडाला टेकलेला, कुणाचा मांडी घालून ताठ, एका घरचा पिढ्यान्‌पिढ्या निळ्या पितांबरातला.

माती वाळताना आवळते. पाणी निघून जातं तसे कण जवळ येतात आणि मूर्ती आकाराने थोडी लहान होते. बाहेरचा थर आधी वाळला आणि आतला ओला राहिला, की बाहेरच्याला आवळायचं असतं आणि आतला त्याला आवळू देत नाही. मग चीर पडते. ती बहुतेक जोडावरच पडते, कानाच्या मुळाशी, सोंडेच्या वळणात, बोटांच्या बेचक्यात. म्हणून ओला फडका टाकून मूर्ती सावकाश वाळवायची. आणि कोकणात आषाढ-श्रावणात सावकाश म्हणजे किती, तर भिंतींना ओल, कपडे तीन-तीन दिवस दांडीवर, पापड नरम. मग खोलीच्या कोपऱ्यात शेगडी, वर शंभराचे दिवे, आणि वीज गेली तर नुसती शेगडी. फार ऊब दिली तर चीर, कमी दिली तर बुरशी. या दोन्हींच्या मधली जी वाट आहे ती कुठल्या महाविद्यालयात शिकवत नाहीत. ती या घरात एकाच माणसाला पुरती येते, माझ्या सासूबाईंना. हे मला कळायला बारा वर्षं लागली.

प्लॅस्टरचं तसं नाही. ते पाण्यात कालवलं की काही मिनिटांत घट्ट होतं आणि पुन्हा पाण्यात विरघळत नाही. शाडूची मूर्ती पाण्यात बसून माती होते आणि ती माती पुन्हा मळता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाचे नियम केले, १२ मे २०२० ला ते आणखी कडक केले आणि प्लॅस्टरच्या मूर्तींवर बंदी सांगितली. मग मुदत वाढली, मग न्यायालयं, मग पुन्हा सवलत. दर वेळी बातमी आली की आमचा फोन वाजू लागतो, शहरातून लोक विचारतात, शाडूची मिळेल का, किती मिळतील. महिन्याभरात बातमी बदलते आणि तेच फोन बंद होतात. मला प्लॅस्टरवाल्या कारागिरांचाही राग येत नाही, त्यांचीही घरं याच कामावर आहेत. पण माझं मत विचाराल तर जी मूर्ती पाण्यात जायची आहे ती पाण्यात जाणारीच असावी. मी विसर्जनानंतर बादलीतली माती परत घेते. ती दुसऱ्या वर्षी बैठकीला चालते.

नाना २०१६ साली गेले. धाकटे दीर रंगकामाला येतात, पण त्यांची रिक्षा आहे, दिवसभर ते बाहेर. माझे यजमान पतपेढीत नोकरी करतात. शाळा चालू ठेवायची की नाही हा प्रश्न घरात कुणी उघड विचारलाच नाही. अक्षय्य तृतीयेला सासूबाईंनी खोली सारवली आणि माझ्याकडे बघितलं. मी माती भिजवली.

मग २०२० आलं. ३ जूनला निसर्ग वादळ झालं. आमच्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा तडाखा वरच्या अंगाला, मंडणगड-दापोलीकडे बसला, पण आमचीही कौलं उडाली, आणि खोलीत पावसाचं पाणी भिजवलेल्या मातीत मिसळलं. करोनामुळे सरकारने त्या वर्षी घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत आणि सार्वजनिक चार फुटांपर्यंतच, असं ठरवून दिलं. आमच्या मूर्ती मुळातच लहान, त्याची अडचण नव्हती. अडचण होती ती मुंबईच्या माणसांची. चतुर्थी २२ ऑगस्टला, आणि गावी यायचं तर आधी विलगीकरणाचे दिवस धरून निघायला हवं. फोनवर रडणारी माणसं मी त्या वर्षी ऐकली. पंचेचाळीस पाट आले. न आलेल्या सतरा घरांचं काय करायचं ते मला सुचेना, तेव्हा त्या प्रत्येक घरासाठी मी वीतभर मूर्ती केली, माझ्याच पाटांवर, न विचारता. त्यांतल्या अकरा शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी त्यांच्या नावाने नेल्या आणि पुजल्या. सहा राहिल्या, त्या आम्ही आमच्या गणपतीबरोबर पोचवल्या.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या पुढच्या वर्षाचं.

माझं माहेर चिपळूणचं, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला. २१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेना आणि २२ तारखेला वाशिष्ठी गावात शिरली. आईबाबा शेजाऱ्यांच्या माडीवर चढले म्हणून वाचले. दोन दिवस फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी दिरांच्या रिक्षात पाणी, मेणबत्त्या, भाकऱ्या आणि फावडी घालून आम्ही निघालो. माझ्या शाळेत त्या वेळी चाळीस मूर्ती ओल्या होत्या, काहींचे हात जोडायचे होते, चतुर्थी १० सप्टेंबरला. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, तुम्ही बघाल ना?" त्या म्हणाल्या, "तू जा."

माहेरच्या घरात गुडघाभर चिखल होता. आयुष्यभर मी मातीत हात घातलेले, पण त्या मातीला हात लावताना अंगावर काटा आला. तिला डिझेलचा, सडलेल्या धान्याचा, गटाराचा वास होता. ती गुळगुळीत होती, शाडूपेक्षाही मऊ, बोटांमधून निसटणारी. आईचं ट्रंकेतलं शालू-पैठणीचं गाठोडं तिच्यात होतं, बाबांच्या वह्या होत्या, माझ्या कॉलेजातल्या रेखाटनांची गुंडाळी होती. ती गुंडाळी मी उघडली नाही. आम्ही नऊ दिवस चिखल उपसला. रोज रात्री मला स्वप्नात माझ्या मूर्ती दिसायच्या, सगळ्यांना चिरा पडलेल्या.

दहाव्या दिवशी परत आले. पायही न धुता खोलीत गेले. चाळीसच्या चाळीस मूर्ती जागेवर होत्या. एकाच मूर्तीच्या कानाशी केसभर चीर होती, तीही पोचारा फिरवून बुजवलेली. सासूबाईंनी नऊ दिवस, रात्री दोन-दोनदा उठून, फडके ओले केले होते, शेगडी सरकवली होती, पाट फिरवले होते. शिवाय मुलीचं जेवणखाण, तिचा मोबाईलवरचा अभ्यास, गोठ्यातलं. मी म्हटलं, "आई, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "चाळीस वर्षं कोण करतंय मग?" त्या म्हणाल्या.

त्या रात्री मी नानांच्या वह्या काढल्या. १९७८ पासूनच्या वह्या आहेत. सुरेख अक्षर, तारीखवार नोंद. माती किती गोणी, रंग कुठले, ब्रश, डिंक, गाडीभाडं, रंगाला बाहेरून आलेल्या माणसाची मजुरी, त्याचा चहा-भजीसुद्धा. मी एकेक पान उलटत गेले. त्यांत सासूबाईंचं नाव कुठेच नव्हतं. नाना कंजूष नव्हते, दुष्ट तर नव्हतेच. बायकोला त्यांनी शब्दानेही कधी दुखवलं नाही. पण घरच्या बाईचं काम हा खर्च असतो, हे त्यांच्या वहीला ठाऊकच नव्हतं. आणि नाना गेल्यानंतरची पाच वर्षं वही मी लिहीत होते. त्या पानांवरही ते नव्हतं. माझंही नव्हतं.

२०२२ च्या अक्षय्य तृतीयेला मी वहीत दोन नवे रकाने आखले. रोज रात्री झोपताना तास लिहायचे. सोपं नव्हतं, कारण आमचे तास सलग नसतात. सकाळी भाकऱ्या होईपर्यंत रात्रीची बैठक घट्ट झालेली असते, मग तिच्यावर धड, ते बसेपर्यंत मुलीचा डबा, यजमानांचा डबा, मग हात, मग भात. मातीला थांबायची गरज असते आणि त्या थांबण्यात घरकाम बसतं, अशीच इथल्या बायकांनी ही शाळा चालवलेली आहे. तेव्हा मी मिनिटं लिहिली. आई : फडके, पंचवीस मिनिटं. आई : पॉलिश पेपर, एक तास दहा. मी : सोंड, चाळीस.

मोसम संपल्यावर हिशेब मांडला. एका फुटाच्या मूर्तीमागे आमचे दोघींचे मिळून सरासरी चौदा तास लागत होते. माती, रंग, वीज मिळून साडेतीनशे रुपये. मूर्ती आम्ही नऊशेला देत होतो. म्हणजे हाताला तासाचे चाळीस रुपयेही पडत नव्हते. त्याच वर्षी आमच्या आंब्याखालचं गवत काढायला आलेल्या बाईंना आम्ही आठ तासांचे चारशे दिले होते आणि ते रास्तच होतं. मी त्याच दराने स्वतःला मोजलं आणि पुढच्या वर्षी मूर्ती अकराशेची केली.

भाव वाढवणं इथे नुसता व्यवहार नसतो. ज्या घराने पाट आणून ठेवला त्या घराशी आमची दोन-तीन पिढ्यांची ये-जा असते, त्यांच्या लग्नात आम्ही जेवलेलो असतो. मला वाटलं होतं लोक बोलतील. चार घरांनी पाट आणला नाही. त्यांतलं एक घर फार जवळचं होतं, त्याचं अजून मनाला लागतं. पेणहून आलेली तयार मूर्ती रत्नागिरीच्या रामआळीत स्वस्त मिळते, त्यांचंही चुकलं असं नाही. बाकी अठ्ठावन्न घरांनी काही न म्हणता पैसे दिले. एक आजोबा तर म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही विचारायला हवं होतं."

सासूबाईंच्या रकान्यातले पैसे मी पाकिटात घालून अनंत चतुर्दशीनंतर त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग विचारलं, "आणि आधीच्या वर्षांचं?" मी गप्प राहिले. त्याही गप्प राहिल्या. दोन दिवसांनी त्या शहरात जाऊन स्वतःसाठी नवा चष्मा करून आल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं त्या जुन्याच काचांवर काम करत होत्या, आणि ते मला माहीत नव्हतं.

भाव वाढवला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर २०२३ ला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत मूर्तिकार आहे. अवजारांसाठी पंधरा हजार, पहिल्या टप्प्यात पाच टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज. मला कॉम्प्रेसर आणि खोलीला चांगलं छप्पर हवं होतं. योजनेत एका कुटुंबातून एकाच माणसाला नाव नोंदवता येतं, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. अर्ज भरायला गेलो तिथल्या मुलाने माझ्याकडे न बघता यजमानांकडे आधार कार्ड मागितलं. यजमान म्हणाले, "मला हे काम येत नाही. काम हिचं आहे." मुलाने पुन्हा विचारलं, "मॅडम गृहिणी ना?" मी म्हटलं, मूर्तिकार लिहा. त्याने लिहिलं. बाहेर आल्यावर मला रडू आलं, आणि ते कशाचं होतं हे यजमानांना नीट सांगता आलं नाही.

माझं स्वतःचं म्हणून जे काम आहे ते दिवाळीनंतरचं. मिरकरवाड्याला मासे विकायला बसणाऱ्या बायका मी मातीत करते. पायावर पाय टाकून, हातात कोयता, समोर टोपली. त्यांच्या मनगटाला मी हाड देते. तीन वर्षांत नऊ झाल्या, दोन विकल्या गेल्या, सात माळ्यावर आहेत. नानांनी पुसलेला तो हात त्यांच्याकडे आला, असं मला वाटतं. आणि गंमत नाही, खरं सांगते, त्या बायका करायला लागल्यापासून माझ्या गणपतीचा आशीर्वादाचा हात सुधारला. काम करणारा हात कसा असतो ते बोटांना कळलं की तो जेव्हा काम ठेवून नुसता उघडा होतो, ते करणं सोपं जातं. "नेहमीसारखाच हं" म्हणणाऱ्यांच्या ते लक्षात येतं का, मला ठाऊक नाही. एका मुलीने तेवढं विचारलं होतं, यंदा बाप्पा दमलेला का दिसत नाही.

डोळ्यांची आखणी मी पहाटे चारला करते. घर निजलेलं असतं, वारा नसतो. शून्य नंबरचा ब्रश, श्वास धरून एक रेघ, मग सोडायचा. एका बैठकीत चार जोड्यांपेक्षा जास्त करत नाही, पाचव्याला हात खोटं बोलतो. आमच्या घरच्या गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी होतात, हरताळकेच्या रात्री, बाकी सगळ्या घरांचे झाल्यावर. तेव्हा सासूबाई शेजारी नारळ खवत बसलेल्या असतात.

यंदा मिरगात खालच्या वाडीतल्या काकू पाट घेऊन आल्या. काका माघ महिन्यात गेले. मुलगे पुण्याला. सुतकाचं वर्ष, त्यामुळे यंदा त्यांच्याकडे गणपती नाही, हे मला माहीत होतं. तरी पाट का आणला ते मी विचारलं नाही. नारळ नव्हता, पानं नव्हती. चहा झाल्यावर त्यांनी पाट उलटा केला. काकांचं नाव नानांच्या अक्षरात, थोडं उडालेलं.

"हे राहू दे," त्या म्हणाल्या. "याच्याखाली माझं लिहून दे. पुढच्या वर्षीपासून मीच आणणार."

खाली जागा दोन बोटांचीच होती. मी आखणीचा ब्रश घेतला आणि काळ्या तैलरंगात त्यांचं नाव लिहिलं, लहान अक्षरात, पण सगळं : त्यांचं, मग काकांचं, मग आडनाव. बाहेर पाऊस धरलेला होता आणि हवेत इतकी ओल की रंग सुकेना. काकू दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो पाट उचलून शेगडीपासून हातभर अंतरावर, चार मूर्तींच्या मागे, भिंतीला उभा करून ठेवला.